निर्लेखित यंत्रांचा उत्तरकाल

सरकारी कचेरीत वस्तूला मरण येते ते कागदावर येते. खुर्चीचा पाय मोडला म्हणून खुर्ची मरत नाही. साठा-नोंदवहीत तिच्या नावापुढे योग्य तो शेरा पडून सक्षम अधिकाऱ्याची सही झाली, म्हणजे ती मेली. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांतील नियम २१७ आमच्या बहुतेक वाचकांच्या नित्य परिचयाचा असेल. वस्तू अतिरिक्त आहे, कालबाह्य आहे, की निरुपयोगी आहे, असे तीन प्रश्न तो नियम आपल्यापुढे ठेवतो. आणि यादी करणारा कारकून, म्हणजे आम्हीच, तिन्हींचे एकच उत्तर लिहून मोकळे होतो. कालबाह्य आणि निरुपयोगी या दोन शब्दांत मोठे अंतर आहे हे आम्हांलाही पुष्कळ उशिरा, आणि कचेरीत नव्हे तर घरी, कळले.

बदलीवर बेंगळुरूस आल्यापासून एस. पी. रोडवर फेरी मारण्याचा आम्हांस छंद जडला आहे. टाऊन हॉलपासून जुन्या पेठेत शिरणारा हा रस्ता. ज्या पेठेवर एके काळी शहाजीराजांचा अंमल होता तिच्याच कडेला आज विजेच्या सामानाची आणि जुन्या संगणकांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. या शहरातील मोठमोठ्या कंपन्या ठराविक वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात; ते ढिगांनी येथे येतात. कोणाचा पडदा निघतो, कोणाची बॅटरी, कोणाची स्मृती. ज्यांचे सर्व अवयव शाबूत आहेत त्यांना पुसूनपासून काचेमागे मांडतात. दुकानदाराला विचारले की हा चालेल काय, तर तो उलट विचारतो, ‘ओ. एस. कोणती घालू?’ यंत्राचे आयुष्य त्याच्या धातूवर नव्हे, तर त्यात घातलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून आहे, हे त्या रस्त्यावरील पोरासोरांनाही ठाऊक असते. ते तसे का झाले, आणि ज्या यंत्रांना एका प्रणालीने निवृत्त केले त्यांना दुसरीने पुन्हा कामावर कसे घेतले, याचा इतिहास पाहू जाता त्यातील बराचसा भाग याच शहरात घडलेला आहे, आणि त्यात आपल्या बेळगावाकडील एका माणसाचा हात आहे.

मूळ कथा अर्थातच परदेशातील. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. ज्याचा मजकूर कोणालाही वाचता येईल, बदलता येईल, आणि बदललेली प्रत दुसऱ्यास देता येईल, अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याचा हा संकल्प होता. १९८९ साली त्यांनी त्याकरिता एक परवाना-पत्रही तयार केले. त्याची खुबी अशी की, हे स्वातंत्र्य ज्याला मिळाले त्याने ते पुढे देताना काढून घ्यावयाचे नाही. इंग्रजी भाषेत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे स्टॉलमन यांना जन्मभर या शब्दाचा खुलासा करीत हिंडावे लागले. मराठीत जन्मले असते तर त्यांची निम्मी व्याख्याने वाचली असती.

ग्नूची बरीचशी अंगे तयार झाली, परंतु यंत्राशी प्रत्यक्ष बोलणारा गाभा तयार होईना. तो हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. जानेवारी १९९१ मध्ये त्याने ३८६ जातीचा संगणक विकत घेतला आणि त्याच वर्षी २५ ऑगस्ट रोजी आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहो असे जाहीर केले. १९९२ मध्ये तीही स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आली. पुढे हा गाभा आणि ग्नूची अवजारे एकत्र बांधून लोकांच्या हाती देणारे निरनिराळे संच निघाले. १९९३ मधील डेबियन, २००४ मधील उबुंटू, २००६ मधील मिंट ही त्यांपैकी काही नावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही प्रणाली गरिबीतून जन्मली नसली तरी घरगुती यंत्रावर जन्मली. मोठ्या संस्थांच्या अवाढव्य यंत्रांवर नव्हे. अल्पसाधन यंत्राशी तिचे जे सख्य पुढे दिसून आले त्याचे एक कारण या जन्मकथेत असावे असे आम्हांस वाटते.

आता बेंगळुरू. अतुल चिटणीस यांचा जन्म १९६२ साली बर्लिन येथे झाला. आई जर्मन, वडील मराठी. बालपण आणि अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावात झाले आणि पुढचे आयुष्य बेंगळुरूस गेले. चिटणीस हे आडनाव मराठी इतिहासाच्या वाचकाला क्षणभर थांबविणारे आहे. बाळाजी आवजींपासून छत्रपतींचा पत्रव्यवहार ज्यांनी सांभाळला त्यांचे ते पद. या विसाव्या शतकातील चिटणिसांनीही प्रथम टपालाचेच काम केले. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळण्यापूर्वी, १९८९ साली, त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून संगणकांना परस्परांचे निरोप पोहोचविणारी एक सेवा चालू केली. ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाचे ते सल्लागार संपादक झाले, आणि १९९६ साली त्या मासिकाच्या अंकासोबत लिनक्सची तबकडी वाटण्याचा उपक्रम त्यांच्या पुढाकाराने झाला.

मासिकासोबत तबकडी, यात काय मोठेसे, असे आजच्या तरुणास वाटेल. त्याने थोडे गणित करून पाहावे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात इंटरनेट खुले केले; तेव्हा टेलिफोनवरून मिळणारा वेग सेकंदाला ९,६०० बिट. एका तबकडीवर ६५० मेगाबाइट मावतात. तेवढा मजकूर त्या वेगाने उतरवून घ्यावयाचा तर तार एकदाही न तुटता सहा दिवस आणि सहा रात्रींहून अधिक वेळ लागला असता, आणि त्या काळी तार न तुटता सहा मिनिटे निघाली तरी नवल. अशा काळात जे ज्ञान कायद्याने मुक्त होते ते व्यवहारात बंदच होते. ते वर्तमानपत्राच्या गाळ्यावर, अंकाच्या किमतीत, जिल्ह्याच्या गावी येऊन पडले. बेळगाव, कोल्हापूर, नाशिक, अकोला अशा गावांतील महाविद्यालयीन मुलांनी लिनक्स प्रथम पाहिले ते याच मार्गाने. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या हाती अशी एक तबकडी आली ती बऱ्याच वर्षांनी, रद्दीतून, आणि ओरखडे पडल्यामुळे ती चालली नाही.

चिटणीस एवढ्यावर थांबले नाहीत. बेंगळुरूतील लिनक्स-प्रेमींच्या मंडळाने २००१ पासून ‘लिनक्स बंगलोर’ या नावाने परिषदा भरविल्या. २००५ पासून त्यांचेच नाव ‘फॉस डॉट इन’ झाले, आणि २०१२ पर्यंत त्या भरत राहिल्या. पुढे पुढे चिटणिसांचा रोख व्याख्याने ऐकण्यापेक्षा प्रत्यक्ष काम करून दाखविण्यावर अधिक होता, आणि ते तसे स्पष्टपणे सुनावीत. भारतीय माणूस मुक्त प्रणाली वापरतो फार आणि तिच्यात भर घालतो थोडी, ही तक्रार त्या काळी पुष्कळांची होती. आणि खरे बोलावयाचे तर ती आम्हांसही लागू पडते. ३ जून २०१३ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मराठी नियतकालिकांनी या माणसाची दखल फारशी घेतली नाही. तो आपल्यातला होता हेच बहुतेकांस ठाऊक नसावे.

याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकास, भारतीय विज्ञान संस्थेत, एक वेगळा प्रयोग चालू होता. जुन्या यंत्रास नवी प्रणाली देण्याऐवजी, मुक्त प्रणालीसाठी नवे स्वस्त यंत्रच घडवावे असा तो विचार. विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे तेथील चार प्राध्यापक व ‘एन्कोर’ या बेंगळुरूच्या कंपनीचे विनय देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ घडविला. साधा, स्वस्त आणि अनेक भाषा बोलणारा संगणक, असा त्या नावातील अक्षरांचा अर्थ. १९९९ साली न्यास स्थापन झाला, २००१ च्या एप्रिलमध्ये नमुना लोकांपुढे आला. हातात मावणारे यंत्र, लिनक्सवर चालणारे, स्पर्शाने वापरावयाचे, आणि सुमारे ९,००० रुपयांत देण्याचा मानस. एका गावाने एक यंत्र घ्यावे आणि ज्याने त्याने आपापले स्मार्ट-कार्ड घालून ते वापरावे, ही कल्पना आमच्या ग्रामपंचायतीच्या रेडिओची आठवण करून देणारी होती. यंत्राची रचनासुद्धा परवान्याने खुली ठेवलेली होती. २००४ च्या मार्चमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेला ‘अमिडा’ नावाचा सिम्प्युटर बाजारात आला. कर्नाटक सरकारने जमिनींच्या नोंदींच्या कामी त्याचा काही उपयोगही केला. परंतु खप काही हजारांपलीकडे गेला नाही. मोबाइल टेलिफोन दरवर्षी स्वस्त होत होता, आणि ज्या सरकारी मोठ्या मागणीची निर्मात्यांना आशा होती ती आली नाही.

सिम्प्युटर फसला, असे या हकीकतीचे तात्पर्य नेहमी काढले जाते. आम्हांस ते अपुरे वाटते. त्या यंत्रासाठी रमेश हरिहरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ध्वनी’ नावाचा एक कार्यक्रम लिहिला होता. भारतीय लिपीतील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणे हे त्याचे काम. यंत्र बाजारातून गेले. पण कार्यक्रम मुक्त परवान्याचा असल्यामुळे पुढे इतरांनी, विशेषतः केरळातील संतोष तोट्टिंगल यांनी, तो साध्या संगणकावर आणला आणि वाढविला. ज्या भाषा तो वाचू लागला त्यांत मराठीही आहे. यंत्र मेले आणि त्याचा आवाज मात्र दुसऱ्यांच्या जुन्या संगणकांतून बोलू लागला. निर्लेखनाच्या कोणत्या रकान्यात ही नोंद करावी ते आम्हांस सांगता येणार नाही.

जुन्या यंत्रांच्या दानाचा इतिहासही या शहरात आहे. इन्फोसिसने १९९९ साली आपले वापरलेले संगणक शाळांना देण्याचा उपक्रम आरंभिला, आणि मायक्रोसॉफ्टने त्यांसाठी आपल्या प्रणाली दिल्या. उपक्रम स्तुत्य होता. परंतु अशा दानात एक खोच राहते. यंत्र देता येते. त्यातील विकत घेतलेली प्रणाली मात्र मूळ मालकाच्या नावावरचा परवाना असते, आणि परवाना देणारा तयार असेल तरच ती यंत्राबरोबर जाते. तो तयार नसेल तर शाळेच्या हाती रिकामी पेटी येते. मग ती कोपऱ्यात पडते, किंवा कोणी चोरटी प्रत घालून देतो आणि मास्तरांच्या हातून नकळत कायदेभंग होतो. या रिकाम्या पेटीचे उत्तर लिनक्सने दिले. बन्नेरघट्टा रस्त्याच्या बाजूस गुरप्पनपाळ्याच्या सुदर्शन लेआउट या झोपडवस्तीत २००८ च्या सुमारास ‘आंबेडकर कम्युनिटी कंप्युटिंग सेंटर’ उघडले. कर्नाटकातील मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे तरुण कार्यकर्ते दिवसा कंपन्यांत नोकरी करीत आणि सुटीच्या वेळी वस्तीतील मुलांना दान आलेल्या संगणकांवर शिकवीत. प्रणाली मुक्त असल्यामुळे तेथे कोणाचा परवाना मागावा लागला नाही. मुलांनी प्रथम कशात रस घेतला? चित्रे काढण्यात. ‘जिम्प’ नावाचा चित्रांचा मुक्त कार्यक्रम तेथे फार प्रिय झाला, हे वाचून आम्हांस आनंद वाटला. कारण आम्हांला मात्र संगणक शिकविताना पहिल्या दिवशी वेतनपत्रक शिकविले होते.

शासनही या बाबतीत अगदी निजले होते असे म्हणता येत नाही. केरळने शाळांतून ही प्रणाली रूढ केली. चेन्नईच्या सी-डॅकने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली तयार करून २००७ साली प्रसृत केली; तीत मराठीसह आपल्या भाषांची सोय आहे. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त प्रणालींना प्राधान्य द्यावे असे धोरणच जाहीर केले. धोरणाची प्रत आमच्याही टेबलावरून गेली होती. तिच्यावर आम्ही ‘पाहिले, नस्तीबद्ध करावे’ असे लिहिले, हे कबूल करणे भाग आहे.

पुढचा भाग अलीकडचा आहे आणि वाचकांपैकी अनेकांच्या घरात तो घडला असेल. विंडोज एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, विंडोज सातच्या १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज दहाच्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अखेरच्या बाबतीत घरगुती वापरासाठी एक वर्षाची पुरवणी मुदत ठेवली गेली, एवढेच. २०२१ साली आलेली विंडोज अकरा ही यंत्रात सुरक्षिततेची एक विशिष्ट चिप मागते, आणि इंटेलचे साधारणतः २०१७ पूर्वीचे संस्कारक तिला चालत नाहीत. यंत्र चालू आहे, पडदा उजळतो आहे, कळा दाबल्या जात आहेत. पण त्याच्या नावावर दुरुस्त्या येणे बंद झाले. हेच ते कालबाह्य होणे. यावर कायदा असा की २०११, २०१६ आणि २०२२ अशा तीन वेळा ई-कचऱ्याचे नियम झाले. पैकी अखेरचे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले, आणि त्यांत यंत्रांचे नूतनीकरण करणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. मोडीत निघालेली यंत्रे शास्त्रोक्त रीतीने वेगळी करणारा ‘ई-परिसर’ हा देशातील पहिल्या अधिकृत कारखान्यांपैकी एक. तोही बेंगळुरूजवळ दाबसपेटेस २००५ पासून आहे. कचऱ्याचा कायदा करणे सोपे. परंतु कचरा कशास म्हणावे हे मात्र अद्याप विकणाराच ठरवितो.

मुक्त प्रणालीचा भाट होण्याची आमची इच्छा नाही. तीही यंत्रांना टाकते. ज्या ३८६ संस्कारकावर लिनक्सचा जन्म झाला त्याचाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये गाभ्यातून काढून टाकण्यात आला. उबुंटूने २०१७ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी नवा संच काढणे थांबविले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन तेराने अशा यंत्रांवर नव्याने बसण्यास नकार दिला. जुन्यास सांभाळण्यालाही माणसे लागतात, आणि माणसे थकतात. फरक आहे तो एवढाच की येथे टाकण्याचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला मजकूर उचलून स्वतः सांभाळण्याचा हक्क असतो. हक्क बजावण्याची ताकद असते की नाही, ही बाब वेगळी.

आता आमच्या घरची हकीकत. आम्ही निपाणीकडचे. बेंगळुरू ही कागदोपत्री आमच्याच राज्याची राजधानी. तरी येथे आम्ही बदलीवर आलेल्या परक्यासारखेच राहतो, हे सीमाभागातील वाचकांना निराळे सांगावयास नको. आमचे वडील तिकडील एका मराठी शाळेत प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर २०१० साली त्यांनी एक लॅपटॉप घेतला आणि एका शिकाऊ मुलाकडून मराठी टंकलेखन शिकून आठवणी लिहावयास बसले. त्यातील मुख्य भाग १९८१ च्या मार्च-एप्रिलमधील तंबाखू-आंदोलनाचा. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडले होते आणि त्याचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला. वडील त्या दिवसांत रोज तेथे जात. गेल्या वर्षांत या आंदोलनावर जे लिहिले गेले ते नेत्यांच्या बाजूने अधिक. वडिलांनी लिहिली होती ती माणसे, त्यांची गावे, कोणाची बैलगाडी कोठे उभी होती, भाकरी कोणाच्या घरून येत. २०१९ साली ते गेले. लॅपटॉप माळ्यावर गेला.

बदलीच्या सामानातून तो येथे आला तेव्हा सुरू होईना. एका दुकानात दाखविला. तेथील गृहस्थांनी तो उघडूनही न पाहता सांगितले, ‘याचे दिवस संपले. आठशे देतो, ठेवून जा.’ आम्ही पुष्कळ यंत्रांची विल्हेवाट याच स्वरात लावलेली असल्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. लॅपटॉप घेऊन परत आलो.

उपाय आमच्या कचेरीतील एका तरुण कन्नड सहकाऱ्याने सांगितला. आठ जीबीच्या पेन-ड्राइव्हवर लिनक्सचा संच चढवावयाचा, आणि यंत्रास आपल्या चकतीऐवजी त्या पेन-ड्राइव्हवरून जागे व्हावयास लावावयाचे. आपल्या चकतीवरील एकही अक्षर यात बदलत नाही. भाडेपत्र करण्यापूर्वी दोन दिवस राहून घर पाहावे, तसा हा प्रकार; बदलीवाल्यांना घरमालक ही सवलत देत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वीचे, दोन जीबी स्मृतीचे ते यंत्र पाच मिनिटांत उजळले. आतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असल्यामुळे घड्याळ अनेक वर्षे मागे होते. वडिलांचा कप्पा उघडला आणि फाइली दिसल्या. सहकाऱ्याने बजावले होते की आधी प्रत काढा, मग इतर उद्योग करा. चकती मध्येच खरखरत होती. सबंध रात्र प्रत काढण्यात गेली. काही भाग वाचता आला नाही, परंतु लेखनाच्या सर्व फाइली आल्या. मग जुनी चकती काढून तिच्या जागी नवी, न फिरणारी, २४० जीबीची चकती घातली. स्मृती चार जीबी केली. आणि डेबियन तेरा, त्यातील ‘एक्सएफसीई’ या हलक्या पडद्यासह, कायमची बसविली. वायरलेसच्या चिपकरिता तिच्या कंपनीचा बंदिस्त मजकूर वेगळा शोधावा लागला, त्यात एक रविवार गेला. एकूण खर्च नव्या यंत्राच्या एक दशांशाहूनही कमी. यंत्र आता आमच्या कचेरीतील नव्या यंत्राइतके चपळ नाही, पण या लेखाला पुरले.

यंत्र जगले, लिखाण जगले की नाही हा प्रश्न पुढे होता. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. याचे कारण जुन्या मराठी टंकांच्या रचनेत आहे. भारतीय लिपींसाठी मानक संकेत होता, १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तो प्रसिद्धही केला होता, आणि त्याच्याच आधीच्या आवृत्तीवरून युनिकोडमधील देवनागरीची मांडणी झाली. परंतु छपाईच्या बाजारात प्रत्येक कंपनीने आपापला टंक काढला, आणि इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी आकार बसविले. फाइलमध्ये असते इंग्रजी अक्षर. टंकाचा मुखवटा चढला की ते ‘क’ दिसते. मुखवटा गेला की उरते ते निरर्थक अक्षर. वडिलांचा टंक एका छोट्या खाजगी संचातील होता. टंकाची फाइल नेमकी चकतीच्या बिघडलेल्या भागात राहिली, आणि प्रचलित टंकांसाठी लोकांनी जे रूपांतरक लिहून ठेवले आहेत त्यांपैकी एकही त्यास लागू पडेना.

तेव्हा इतिहास-संशोधक मोडीच्या अनोळखी वळणाचा कागद लावतात त्या रीतीने आम्ही हे काम हाती घेतले. एका स्मरणिकेसाठी वडिलांनी सहा पाने छापून दिलेली होती, आणि त्या सहा पानांची फाइलही मिळाली होती. डावीकडे छापील पान, उजवीकडे काला. आणि मध्ये आमची वही. एकेक आकार ओळखून कोष्टक भरत गेलो. यात केवळ अक्षराला अक्षर लावून भागत नाही. टंकलेखकाच्या सवयीने पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘कर्म’ शब्दातील रफार जुन्या टंकात ‘म’च्या नंतर, नव्यात आधी. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र हा तर आपल्या मराठीचा हट्ट. आणि ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले ते २००८ साली. रूपांतराचा छोटासा कार्यक्रम आमच्या सहकाऱ्याने लिहून दिला. त्याला मराठी येत नाही, पण कन्नडमध्ये अर्कावत्तु नावाचे असेच एक भांडण आहे, त्यामुळे रफार म्हणजे काय ते त्याला समजावून द्यावे लागले नाही. रूपांतरित मजकूर आम्ही ‘लोहित’ या टंकात वाचला. तो टंक रेड हॅटने २००४ साली मुक्त केला आणि त्या कंपनीच्या पुण्यातील मंडळींनी जोपासला.

दोनशे अकरा पाने हाती आली. सकाळी कचेरीस जाण्यापूर्वी एक पान, असे आम्ही ते शुद्ध करीत आहो. आईला दर रविवारी फोनवरून वाचून दाखवितो. ती मध्येच थांबवून सांगते की ती गाडी भिवशीच्या वाटेवर नव्हे, आंब्याखाली होती.

अडचण एकच उरली आहे. छापील सहा पानांत जे आकार एकदाही आले नाहीत त्यांना कोष्टकात जागा नाही. असे नऊ होते. पैकी सात संदर्भाने लागले. राहिलेल्या दोहोंपैकी एक जोडाक्षर असावे, आणि ते संबंध लिखाणात एकदाच, एकशे सत्तेचाळिसाव्या पानावर, येते. गोळीबाराच्या संध्याकाळी वडील ज्या माणसास खांद्याला धरून रस्त्याच्या कडेला घेऊन गेले त्याच्या आडनावातील ते पहिले अक्षर आहे. पुढचे ‘...णावर’ एवढे वाचता येते. आईला ते नाव आठवत नाही. निपाणी-चिकोडीकडील कोणा वाचकास त्या दिवसांतील असे आडनाव ठाऊक असल्यास त्यांनी संपादकांमार्फत आम्हांस कळवावे.